मेंदूचं गणित कुठे शिकतात?

प्रश्न : मी सांगलीत बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मुख्य विषय भौतिकशास्त्र. बायोलॉजी दहावीनंतर सोडलं. एका व्याख्यानात ‘कॉम्प्युटेशनल न्यूरोसायन्स’ हे नाव ऐकलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. मेंदूसारखी ओली, जिवंत वस्तू समीकरणात बसते तरी कशी? हा विषय विद्यापीठात शिकायचा तर नेमकं काय शिकवतात, आणि माझ्यासारखीला तिथे वाव आहे का? घरी सगळे म्हणतात, एवढीच हौस असेल तर सरळ एआयला जा.
– एक वाचक, सांगली

उत्तर : अख्खा मेंदू अजून कुठल्याच समीकरणात बसलेला नाही. एक चेतातंतू मात्र १९५२ साली बसला, आणि जगभरातल्या विद्यापीठांत हा विषय आजही तिथूनच शिकवायला सुरुवात होते. म्हणून आधी तेवढी एक गोष्ट सावकाश पाहू. तुमच्या बाकीच्या प्रश्नांची निम्मी उत्तरं तिच्यातच आहेत.

आपल्या किनाऱ्यावर जे माकूळ बाजारात येतं, त्याच कुळातला एक प्राणी इंग्लंडच्या दक्षिणेला, प्लिमथच्या समुद्रात सापडतो. जिवावर बेतलं की तो अंगातलं पाणी जोराने बाहेर फेकतो आणि उसळी मारून मागे जातो. हा हुकूम स्नायूंपर्यंत झटकन पोचावा म्हणून त्याच्या अंगात एक विलक्षण जाड चेतातंतू असतो, अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही जाड. आपल्या शरीरातले बहुतेक तंतू मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही बारीक, त्यांच्या आत तार घालण्याची तेव्हा सोयच नव्हती. माकुळाच्या तंतूत ती घालता येत होती. १९३९ च्या उन्हाळ्यात ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली या केंब्रिजच्या दोघांनी प्लिमथच्या प्रयोगशाळेत ती घातली.

त्या काळी चालत आलेलं मत असं. तंतू स्वस्थ असताना त्याच्या आतलं व्होल्टेज बाहेरच्यापेक्षा काही दशक मिलिव्होल्टनी कमी असतं. संदेश जाताना पेशीचं पटल क्षणभर सगळ्याच आयनांना वाट देतं आणि हा फरक नाहीसा होतो, म्हणजे शून्यावर येतो. जर्मन शरीरशास्त्रज्ञ युलियस बर्नस्टाईन यांनी १९०२ साली मांडलेली ही कल्पना. हॉजकिन-हक्सलींना पडद्यावर दिसलं ते वेगळंच. व्होल्टेज शून्यावर थांबलं नाही. ते शून्य ओलांडून चांगलं चाळीसेक मिलिव्होल्ट वर गेलं आणि मग खाली आलं. नुसतं भोक पडून असं होत नाही, कुणीतरी ढकलत असल्याशिवाय व्होल्टेज पलीकडे जाणार नाही. हे ढकलणारं कोण, हे शोधायच्या आत महायुद्ध सुरू झालं. एकजण रडारच्या कामावर गेला, दुसरा तोफांच्या माऱ्याच्या गणितावर, आणि हा प्रश्न काही वर्षं तसाच पडून राहिला.

युद्धानंतर उत्तर मिळालं: सोडियम. समुद्राच्या पाण्यातलं सोडियम कमी केलं की व्होल्टेजची ती उसळी खुजी होते, हे हॉजकिन आणि बर्नार्ड काट्झ यांनी १९४९ मध्ये छापलं. पण कोणता आयन हे कळलं तरी किती आणि कधी हे कळत नाही. व्होल्टेज बदललं की पटलातून वाहणारा प्रवाह बदलतो, प्रवाह बदलला की पुन्हा व्होल्टेज बदलतं, आणि हे सगळं हजारांश सेकंदात. दोन गोष्टी एकमेकींचा पाठलाग करत असतील तर त्यातली एक जागेवर धरून ठेवावी लागते. इलेक्ट्रॉनिक जोडणी वापरून त्यांनी व्होल्टेज हव्या त्या पातळीला पकडून ठेवलं आणि प्रत्येक पातळीला प्रवाह कसा चढतो-उतरतो ते मोजलं. या युक्तीला व्होल्टेज क्लॅम्प म्हणतात, आणि तिची मूळ कल्पना अमेरिकेतल्या केनेथ कोल यांची. मोजमापांतून दिसलं की सोडियमची वाट पटकन उघडते आणि आपोआप बंद होते, तर पोटॅशियमची वाट रेंगाळत उघडते. हे वागणं त्यांनी चार डिफरन्शियल इक्वेशनमध्ये मांडलं. एक व्होल्टेजचं, तीन या वाटा उघडण्या-मिटण्याचं.

आता खरी कसोटी. व्होल्टेज पकडून ठेवलेलं असताना मिळालेले आकडे समीकरणात घालायचे आणि मग व्होल्टेज मोकळं सोडायचं. समीकरणातून आपोआप स्पाइक, म्हणजे व्होल्टेजची ती उसळी, निघतो का? केंब्रिजचा एडसॅक हा संगणक नेमका तेव्हा फेरबदलांसाठी बंद होता. हक्सलींनी हाताने दांडा फिरवायच्या ब्रुन्सविगा यंत्रावर, पायरीपायरीने, कित्येक दिवस हा हिशेब केला. स्पाइकचा आकार हुबेहूब आला. तंतूवरून संदेश धावण्याचा वेग निघाला सेकंदाला १८.८ मीटर, प्रत्यक्ष मोजलेला वेग होता २१.२ मीटर. हा वेग त्यांनी समीकरणात कुठेही घातलेला नव्हता. तो न मागता बाहेर आला. तुम्ही भौतिकशास्त्राच्या विद्यार्थिनी आहात, या न मागता मिळालेल्या आकड्याची किंमत तुम्हाला वेगळी सांगायला नको. १९६३ चं नोबेल या दोघांना, जॉन एक्लिस यांच्यासोबत, मिळालं.

पण थांबा, यातला एक बारकावा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पोटॅशियमच्या वाटेसाठी त्यांनी एका राशीचा चौथा घात घेतला होता. पुढे १९९८ मध्ये रॉडरिक मॅकिनन यांनी पोटॅशियमच्या वाटेची अणूंच्या पातळीवरची रचना दाखवली (त्याबद्दल २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल), आणि ती वाट चार सारख्या प्रथिन-तुकड्यांची बनलेली निघाली. समीकरणात चार, निसर्गात चार! व्याख्यानांत हे मोठ्या थाटात सांगतात. मूळ निबंध वाचला तर मात्र कळतं की पाचवा किंवा सहावा घात घेतला असता तर आकडे आणखी चांगले जुळले असते, पण वाढलेल्या आकडेमोडीच्या मानाने तो फायदा त्यांना पुरेसा वाटला नाही. आपलं समीकरण जुळलं म्हणजे आतली यंत्रणा तशीच आहे असं कुणी मानू नये, हेही त्यांनीच तिथे बजावून ठेवलं आहे.

जुळणं वेगळं आणि उलगडणं वेगळं. विद्यापीठात हा विषय शिकायचा तो हा फरक ओळखायला. बाकी सगळं, पायथन काय आणि न्यूरल नेटवर्क काय, घरी बसूनही शिकता येतं.

याच धड्याचा दुसरा भाग खेकड्यांच्या पोटातून आला. खेकडे आणि लॉब्स्टर यांच्या जठराजवळ सुमारे तीस चेतापेशींचं एक लहानसं जाळं असतं. ते जठराच्या स्नायूंना ठेका देत राहतं. अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठात ईव्ह मार्डर यांनी उभ्या कारकिर्दीत या जाळ्याचा पिच्छा पुरवला आहे. २००४ मध्ये त्यांच्या गटाने त्यातल्या एका ठेक्याचं सोपं मॉडेल घेतलं आणि त्यातल्या जोडण्यांची ताकद व पेशींचे गुणधर्म बदलत दोन कोटींहून अधिक आवृत्त्या संगणकावर चालवून पाहिल्या. योग्य ठेका देणाऱ्या आवृत्त्या लाखोंनी निघाल्या, आणि त्यांच्या आतले आकडे एकमेकांशी मुळीच मिळतेजुळते नव्हते. म्हणजे तुमचं मॉडेल बरोबर ठेका देतं यावरून खेकड्याच्या पोटात तेच आकडे आहेत असं सिद्ध होत नाही. पुढे खऱ्या प्राण्यांतही असंच दिसलं: दोन निरोगी खेकड्यांचा ठेका सारखा, पण आतली मापं वेगळी. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ऋषिकेश नारायणन यांचा गट हाच प्रश्न सस्तन प्राण्यांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या, म्हणजे स्मृतीशी निगडित भागातल्या, पेशींबद्दल विचारतो आहे.

आता अभ्यासक्रमाकडे. नावं जागोजागी वेगळी असली तरी गाभा ठरलेला आहे. एकट्या पेशीपासून सुरुवात होते. तिथे हॉजकिन-हक्सली तर असतंच, पण त्याहून जुनं आणि सोपं एक मॉडेलही असतं, फ्रान्सच्या लुई लापिक यांच्या १९०७ च्या कामातून आलेलं. तळाला बारीक भोक असलेली कळशी नळाखाली धरली तर पाणी येतंही आणि गळतंही, आणि नळ पुरेसा मोठा असेल तरच ती भरते. ठरलेल्या खुणेपर्यंत भरली की स्पाइक झाला म्हणायचं, कळशी रिकामी करायची, पुन्हा नळाखाली धरायची. आयनांच्या वाटांचं यात नावही नाही. तरी हजारो पेशींचं जाळं संगणकावर चालवायचं असेल तर आज बहुतेक जण हेच मॉडेल घेतात. कुठल्या प्रश्नाला किती बारकावा पुरतो, हे ठरवणं हीच यातली कारागिरी, आणि ती पुस्तकातून निम्मीच येते.

मग पेशीच्या फांद्या. विल्फ्रिड रॉल हे मूळचे तुमच्यासारखेच भौतिकशास्त्राचे. त्यांनी अटलांटिकच्या तळाच्या तारायंत्राच्या तारेसाठी केल्व्हिन यांनी १८५० च्या दशकात वापरलेलं गणित पेशीच्या फांद्यांना लावलं आणि दाखवून दिलं की फांदीच्या टोकाला आलेला संदेश आणि बुंध्याशी आलेला संदेश पेशीला सारखा जाणवत नाही. त्यानंतर संभाव्यता येते, कारण तोच देखावा डोळ्यांपुढे पुन्हा आणला तरी पेशी दर वेळी तेवढेच स्पाइक देत नाही. त्यानंतर जाळी आणि जोडण्यांचं बदलत जाणं, म्हणजे शिकणं. जाळ्यांच्या धड्यात तुम्हाला ओळखीचं कुणी भेटेल: जॉन हॉपफिल्ड. घन पदार्थांच्या भौतिकशास्त्रातून आलेल्या या माणसाने १९८२ मध्ये स्मृतीचं एक मॉडेल दिलं. त्यात आठवण म्हणजे ऊर्जेच्या भूदृश्यातली एक दरी. अर्धवट खूण मिळाली तरी जाळं घसरत घसरत त्या दरीत जातं आणि पूर्ण आठवण हाती येते. चुंबकीय पदार्थांच्या अभ्यासातलं गणित इथे जवळजवळ जसंच्या तसं वापरलं आहे. २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना आणि जेफ्री हिंटन यांना मिळालं.

या सगळ्यासाठी लागणारं गणित तुमच्याजवळ निम्मंअधिक आहे: लिनिअर अल्जेब्रा, डिफरन्शियल इक्वेशन, संभाव्यता. यात डायनॅमिकल सिस्टिम्स आणि संख्याशास्त्राची भर घाला. आयगेनव्हॅल्यू नुसती काढता येऊन भागणार नाही. ती ऋणाची धन झाली की शांत बसलेली पेशी अचानक ठेका का धरते, हे कागदावर चित्र काढून समजावता आलं पाहिजे. ज्यांचं गणित पक्कं आहे त्यांना जीवशास्त्र दोनतीन वर्षांत अंगवळणी पडतं. उलटा प्रवास मी फार थोड्यांना सुखाने करताना पाहिलं आहे. म्हणून बायोलॉजी सोडल्याची खंत करू नका, पण त्यापासून पळूही नका. एखाद्या प्रयोगशाळेत उभं राहून खऱ्या पेशीचं रेकॉर्डिंग बघा. त्यात किती गोंगाट असतो, इलेक्ट्रोड हलला की दिवसभराची मेहनत कशी वाया जाते, आणि ‘एक पेशी’ म्हणून जे आलेखात येतं ते ठरवताना माणसाला किती निर्णय घ्यावे लागतात, हे ज्याने पाहिलं नाही त्याचं मॉडेल दिसायला देखणं होतं आणि उपयोगाला येत नाही.

एआयबद्दल घरच्यांचं म्हणणं. दोन्ही विषय सख्खे आहेत, पण त्यांचे प्रश्न एक नाहीत. एआयवाल्याला काम झालेलं हवं असतं, या विषयातल्याला ते काम मेंदू कसं करतो हे हवं असतं. दोघांची गाठ कधीकधी फार सुंदर पडते. त्यातली एक सांगतो. यंत्राला अनुभवातून शिकवण्यासाठी रिचर्ड सटन आणि अँड्र्यू बार्टो यांनी १९८० च्या दशकात एक पद्धत घडवली. तिचं मर्म असं: बक्षीस मिळालं म्हणून शिकू नका, अपेक्षेपेक्षा जास्त किंवा कमी मिळालं तेवढ्यापुरतंच शिका. त्याच सुमाराला वोल्फ्राम शुल्त्झ माकडांच्या मेंदूतल्या डोपामिनच्या पेशींचं रेकॉर्डिंग करत होते. माकडाला अवचित फळाचा रस मिळाला की या पेशी स्पाइकचा मारा करत. खूण दिसली की थोड्या वेळाने रस मिळतो हे माकडाला कळल्यावर पेशी खुणेलाच प्रतिसाद देऊ लागल्या आणि रस आला तरी शांत राहिल्या. खूण दाखवून रस दिलाच नाही तर? ज्या क्षणी रस यायला हवा होता नेमक्या त्या क्षणी पेशींचे स्पाइक थांबले. पीटर डायन आणि रीड माँटेग्यू या गणिताकडच्या मंडळींनी ओळखलं की सटन-बार्टोंच्या समीकरणातली अपेक्षेतली चूक मोजणारी राशी नेमकी अशीच वागते. तिघांचा निबंध १९९७ मध्ये ‘सायन्स’ मध्ये आला. व्यसन आणि पार्किन्सन्स यांकडे पाहण्याची संशोधकांची नजर त्याने बदलली. तेव्हा घरच्यांना सांगा की एआयला लागणारं जवळजवळ सगळं गणित याही वाटेवर येतंच. पण यंत्राने काम केलं एवढ्यावर तुमचं समाधान होणार असेल तर खरोखर एआयलाच जा, त्यात कमीपणा काही नाही.

वाव कुठे? भारतात या नावाची बीएस्सी जवळपास कुठे नाही, आणि मला ते गैरही वाटत नाही. पदवीवर काय लिहिलं आहे यापेक्षा सिद्धान्तवाले आणि प्रयोगवाले एकाच इमारतीत बसतात का, ते पाहा. पुण्याच्या आयसरमध्ये कॉलिन्स असिसी आणि सुहिता नाडकर्णी यांचे संगणकीय गट आहेत, आणि त्याच संस्थेत गाणाऱ्या पक्ष्यांच्या मेंदूवर प्रयोग करणारी प्रयोगशाळाही आहे. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जैविक विज्ञान केंद्रात (एनसीबीएस) उपिंदर भल्ला यांनी पेशींतल्या रासायनिक साखळ्यांपासून जाळ्यांपर्यंतची मॉडेल्स चालवणारं ‘मूस’ हे सॉफ्टवेअर उभं केलं. तिथेच स्मृतीच्या संगणकीय अभ्यासाची एक शाळाही भरत आली आहे. भारतीय विज्ञान संस्थेत चेताविज्ञानाचं स्वतंत्र केंद्र आहे आणि तिथे इंजिनियर, भौतिकशास्त्रज्ञ सर्रास दिसतात. चेन्नईच्या आयआयटीत श्रीनिवास चक्रवर्ती पार्किन्सन्समध्ये हालचाली का बिघडतात याची मॉडेल्स करतात. हरियाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे.

तुम्हाला दोन वाटा आहेत. पहिली, बीएस्सीनंतर इंटिग्रेटेड पीएचडी: भारतीय विज्ञान संस्था, आयसर, किंवा टीआयएफआरच्या प्रवेशपरीक्षेतून एनसीबीएस. दुसरी, शिवाजी विद्यापीठात, पुण्यात किंवा जिथे चांगले शिक्षक असतील तिथे भौतिकशास्त्राची किंवा गणिताची एमएस्सी भक्कम करायची आणि गेट-नेट देऊन मग पीएचडीला या विषयाकडे वळायचं. दुसरी वाट लांबची वाटते, पण विचार बदलला तरी हातचं काही जात नाही, म्हणून विशीतल्या मुलामुलींना मी तीच आधी सुचवतो. प्रवेशाच्या अटी वरचेवर बदलतात, तेव्हा संस्थेची त्या वर्षीची सूचना स्वतः वाचा, कुणाच्या ऐकीव माहितीवर राहू नका.

परदेशात जायचं असेल तर जर्मनीकडे लक्ष द्या. तिथल्या सरकारने २००४ पासून, वर उल्लेख आलेल्या बर्नस्टाईन यांच्याच नावाने, या विषयाच्या केंद्रांचं जाळं विणलं: बर्लिन, फ्रायबुर्ग, ग्योटिंगेन, म्युनिक. बर्लिनच्या दोन वर्षांच्या मास्टर्समध्ये पहिल्या वर्षी चेतापेशींची मॉडेल्स, मेंदूच्या वरच्या पातळीवरच्या कामांची मॉडेल्स, रेकॉर्डिंगचं विश्लेषण आणि मशीन लर्निंग असतं. मग वेगवेगळ्या प्रयोगशाळांत फिरून छोटे प्रकल्प, आणि शेवटी प्रबंध. शिकवणं इंग्रजीत. बर्लिनच्या सरकारी विद्यापीठांत सत्राची थोडी वर्गणी सोडली तर शिकवणीचं शुल्क नसतं. खरा खर्च राहण्याखाण्याचा. जागा मात्र मोजक्या. लंडनला १९९८ मध्ये हिंटन यांनी सुरू केलेलं गॅट्सबी केंद्र पीएचडीसाठी नावाजलेलं आहे, आणि तिथे मुलांची निवड होते ती मुख्यतः गणितावर.

नोकरीचं थोडक्यात. एमएस्सी झाल्या झाल्या ‘संगणकीय मेंदूशास्त्रज्ञ हवेत’ अशी जाहिरात तुम्हाला महाराष्ट्रात दिसणार नाही. या विषयात राहायचं तर पीएचडी धरूनच चाला. अंगी आलेलं गणित आणि विदा हाताळण्याची सवय यांना मात्र इतरत्र मागणी आहे. घरी कमावतं कुणी नसेल तर ही गोष्ट आधीच बोलून घ्या.

आणि या सुट्टीत काय कराल? हॉजकिन-हक्सलीची चार समीकरणं पायथनमध्ये लिहा. शंभर ओळीही लागत नाहीत. आत सोडायचा प्रवाह हळूहळू वाढवत जा. आधी काहीच होणार नाही, मग एकच स्पाइक येईल, मग एका ठिकाणी ठेका सुरू होईल. तिथे थांबून बघा: ठेका संथपणे सुरू न होता एकदम सेकंदाला पन्नासच्या आसपास सुरू होतो. असं का, याचं उत्तर फिट्झह्यू या संशोधकांनी १९६१ मध्ये चार समीकरणांची दोन करून कागदावर काढलेल्या चित्रात आहे. प्रवाह आणखी खूप वाढवला तर पेशी पुन्हा गप्प होईल, तेही का ते शोधा. सोबतीला गेर्स्टनर आणि सहकाऱ्यांचं ‘न्यूरॉनल डायनॅमिक्स’ हे पुस्तक संकेतस्थळावर मोफत वाचायला आहे. २०२० च्या टाळेबंदीत सुरू झालेल्या ‘न्यूरोमॅच अकादमी’चे धडेही खुले आहेत. सिॲटलच्या ॲलन संस्थेने उंदरांच्या दृष्टिकेंद्रातली खरी रेकॉर्डिंग कुणालाही वापरायला ठेवली आहेत. भारतीय विज्ञान अकादमीच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीसाठी पुढच्या वर्षी अर्ज करा, आणि त्यात ‘मला मेंदूची आवड आहे’ असं लिहिण्याऐवजी या पन्नासच्या ठेक्याबद्दल लिहा.

प्रश्न : मी शाळेत विज्ञान शिकवतो. हल्ली मुलं सर्रास म्हणतात, ‘सर, मेंदू म्हणजे एक कॉम्प्युटरच ना?’ त्यांना हो म्हणावं की नाही?
– एक शिक्षक, चिपळूण

उत्तर : मुलांना विचारा, कुठल्या पातळीवर? ब्रिटिश संशोधक डेव्हिड मार यांनी ही विभागणी करून ठेवली आहे. ते गणिताचे पदवीधर, १९८० मध्ये अवघ्या पस्तिसाव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेले आणि त्यांचं ‘व्हिजन’ हे पुस्तक १९८२ मध्ये, मागे राहिलेल्यांनी छापून आणलं. कुठलंही यंत्र तीन पातळ्यांवर समजून घ्यावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. ते काय काढतं आणि कशासाठी. कोणत्या रीतीने काढतं. आणि कशाच्या बनलेल्या भागांतून काढतं. पहिल्या पातळीवर मेंदू हिशेब करतो हे म्हणणं फलदायी आहे. दोन डोळ्यांतल्या चित्रांच्या फरकावरून अंतर काढणं हा हिशेबच आहे. तिसऱ्या पातळीवर मात्र साम्य संपतं. तुमच्या शाळेतल्या संगणकात स्मृती एका जागी आणि आकडेमोड दुसऱ्या जागी होते. मेंदूत ज्या जोडणीतून संदेश जातो तीच जोडणी बदलून आठवण साठते. मुलांना होकार-नकार देण्यापेक्षा या तीन पातळ्या फळ्यावर लिहून द्या, पुढचा तास तीच चालवतील.

प्रश्न : अब्जावधी खर्चून माणसाच्या मेंदूची संगणकावर नक्कल करणार होते, त्याचं काय झालं?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : युरोपीय महासंघाचा ‘ह्यूमन ब्रेन प्रोजेक्ट’ २०१३ ला सुरू झाला आणि २०२३ ला संपला. मेंदूचे नकाशे, सॉफ्टवेअर, खुली साधनं त्यातून मिळाली. संपूर्ण मेंदूची नक्कल मिळाली नाही, आणि ती मिळणार नाही असं सुरुवातीलाच सांगणारे मेंदूशास्त्रज्ञ शेकड्यांनी होते. २०१४ मध्ये त्यांनी युरोपीय आयोगाला जाहीर पत्रही लिहिलं होतं.

अडचण संगणकाच्या ताकदीची असती तर ती एव्हाना सुटली असती. सी. एलिगन्स नावाचा एक मिलिमीटरचा किडा घ्या. त्याच्या चेतापेशी मोजून ३०२, आणि कोणती कोणाला जोडलेली आहे याचा नकाशा १९८६ पासून हातात आहे. तरी तो किडा पुढच्या क्षणी कुठे वळेल हे त्या नकाशावरून नीट सांगता येत नाही. नकाशात जोडणी असते, पण तिची ताकद नसते, ती संदेश पुढे नेते की दाबते हे नेहमी कळत नाही, आणि आसपास पसरलेली रसायनं त्याच जाळ्याला तासाभरात वेगळं वागायला लावतात. माणसाच्या मेंदूत अशा पेशी सुमारे ८,६०० कोटी आहेत.

पण निराश व्हायचं कारण मला दिसत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये फळमाशीच्या पूर्ण वाढलेल्या मेंदूचा नकाशा प्रसिद्ध झाला: सुमारे १,३९,००० पेशी आणि कोट्यवधी जोडण्या. त्याच वेळी आणखी एका गटाने फळमाशीच्या जोडण्यांचा नकाशा घेतला, प्रत्येक पेशीच्या जागी वर सांगितलेलं ते गळक्या कळशीचं साधं मॉडेल बसवलं आणि सगळं जाळं एकदम चालवून पाहिलं. संगणकातल्या माशीच्या गोडाच्या चवीच्या पेशी चेतवल्या तर सोंड बाहेर काढणाऱ्या पेशींपर्यंत संदेश कोणत्या वाटेने जाईल, याचे अंदाज त्यातून निघाले. मग खऱ्या माशांमध्ये त्यातल्या पेशी प्रकाशाने चालू-बंद करून हे अंदाज तपासले, आणि त्यांतले बरेचसे खरे ठरले. त्या मॉडेलला माशी भुकेली आहे की पोट भरलेली, हे मात्र कळत नाही, आणि ते कसं घालायचं यावर आता काम चालू आहे.